मुलांच्या कानात ग्रोमेट: कधी बसवायची, कशी बसवतात, नंतर काय सांभाळायचं

श्रवण_मडगाव:
पाऊस लागला की मुलांच्या कानांच्या तक्रारी वाढतात आणि 'नळी घालायला सांगितलीय, घालू का?' हा प्रश्न इथे दहा ठिकाणी विखुरतो. म्हणून हा एकच धागा. ही नळी म्हणजेच ग्रोमेट, कानाच्या पडद्यात बसवायची चिमुकली पोकळ नळी.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करूया, निम्मा गोंधळ तिथेच आहे. पहिली, सर्दीमागोमाग होणारा मध्यकर्णाचा संसर्ग. ताप येतो, मूल रात्री कान धरून रडतं, पडदा लाल होऊन फुगतो. कधी पडदा फुटून पू येतो आणि दुखणं एकदम उतरतं. असा फुटलेला पडदा बहुतेक वेळा आपला आपण भरून येतो. दुसरी, पडद्यामागे पाणी साठून राहणं. ताप नाही, दुखत नाही, फक्त ऐकू कमी येतं. त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसरी, पडद्याला जुनं भोक असून कान महिनोन्‌महिने वाहत राहणं. तिसऱ्या प्रकारात ग्रोमेटचा उपयोग नाही, भोक आधीच आहे. तिथे कान कोरडा करणं आणि पुढे पडदा शिवणं हा वेगळा मार्ग आहे.

ग्रोमेटचा प्रश्न येतो तो पहिल्या दोन प्रकारांतल्या काही मुलांसाठी. मध्यकर्णातून नाकाच्या मागच्या भागात उतरणारी युस्टेशियन नलिका लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. ती नीट उघडली नाही की मध्यकर्णातली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पाणी झिरपून साठतं. ग्रोमेटमधून पाणी वाहून जात राहतं असा समज आहे. तिचं मुख्य काम हवा आत सोडणं. हवा मिळाली की अस्तर हळूहळू पूर्ववत होतं आणि पाणी सुटायचं थांबतं.

बालवाडीबाई_साखळी:
वर्गात काय दिसतं तेही लिहून ठेवते, कारण पालकांच्या आधी आमच्या नजरेस पडतं. नावाने हाक मारली तर मूल बघत नाही, पण खांद्याला हात लावला की लगेच वळतं. गोष्ट सांगताना तोंडाकडे टक लावून बघतं. दुसऱ्यांनी वह्या काढल्या की मग आपली काढतं. उत्तर भलतंच देतं. स, श, फ असे हलके आवाज बोलण्यात गळतात. पत्र्यावर पाऊस कोसळत असला की अशी मुलं पार हरवतात, आणि त्यांना 'मस्तीखोर', 'लक्ष नाही' म्हटलं जातं. हा अन्याय आहे. निदान होईपर्यंत पुढच्या बाकावर, पंख्यापासून दूर बसवा, त्यातल्या त्यात बरा कान बाईंच्या बाजूला ठेवा, आणि समोर जाऊन बोला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं तेव्हा अशा मुलांची नावं त्यांना आवर्जून द्या. कान आणि ऐकणं हे त्यांच्या तपासणीत येतं, पुढे पाठवण्याची चिठ्ठीही मिळते.

कर्णवैद्य_फोंडा:
बाईंनी लिहिलेलं प्रत्येक पालकाने वाचावं.

आता 'कधी' याबद्दल. कानाच्या एका संसर्गानंतर पाणी राहणं हे नेहमीचंच. महिन्याने बघितलं तर १०० पैकी साधारण ४० मुलांत ते असतं, तीन महिन्यांनी १० मुलांत उरतं. म्हणून पाणी दिसल्या दिवशी शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची नसते. तीन महिने थांबायचं, परत बघायचं. पाणी तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत असेल आणि ऐकण्याची चाचणी खरोखर कमी आली असेल, तर ग्रोमेटचा विचार पक्का. ऐकण्याचा उंबरठा (ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज) बऱ्या कानातही २५-३० डेसिबल किंवा त्याच्या वर असला की मूल वर्गात मागे पडायला लागतं.

तीन महिने थांबताना सर्दीची सिरपं, अँटिहिस्टामिन, अँटिबायोटिकचे कोर्स, स्टेरॉइड यांनी ते पाणी जात नाही. देऊ नका. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर नाकपुडीने फुगा फुगवण्याचा व्यायाम दिवसातून दोन-तीन वेळा करता येतो, त्यासाठी खास फुगे मिळतात. निरुपद्रवी आहे, काहींना फायदा होतो. मात्र सर्दी भरात असताना नको.

काही मुलांना तीन महिने थांबवत नाही: टाळू दुभंगलेलं मूल, डाउन सिंड्रोम, बोलणं आधीच मागे पडलेलं, दृष्टी अधू असलेलं, किंवा पडदा इतका आत ओढला गेलाय की हाडांना चिकटायला लागलाय.

बालरोग_पणजी:
वारंवार होणाऱ्या संसर्गाबद्दल मी थोडं वेगळं मांडतो. सहा महिन्यांत तीन वेळा, किंवा वर्षात चार वेळा आणि त्यातला एक गेल्या सहा महिन्यांत, अशी 'वारंवार'ची व्याख्या आहे. ती पूर्ण झाली म्हणून नळी बसवायचीच असं नाही. २०२१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६ ते ३५ महिन्यांच्या २५० मुलांवरचा अभ्यास आला. दोन वर्षांत नळीच्या गटात वर्षाला सरासरी १.४८ संसर्ग झाले आणि औषधांच्या गटात १.५६. फरक जवळजवळ नाहीच. मूल वाढतं तसे संसर्ग कमी होत जातात, दोन्ही गटांत तेच झालं.

शिवाय 'चार वेळा झालं' ही मोजणी अनेकदा कच्ची असते. प्रत्येक वेळी कुणी ओटोस्कोपने पडदा बघितला होता का? ताप आणि रडणं म्हणजे कान असं घरी धरलं जातं. तारीख, कुठला कान, पडदा कसा दिसला, औषध कुठलं, किती दिवस, एवढं वहीत लिहून आणा.

संसर्ग कमी करणाऱ्या साध्या गोष्टीही आहेत. बाटली झोपून देऊ नका. सहा महिन्यांनंतर चोखणी बंद करा. घरात सिगारेट नको, बाळाला धुरी देणं आणि चुलीजवळ निजवणंही नको. न्यूमोकॉकल लस सरकारी वेळापत्रकात आहे: ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने. ती मोफत मिळते, चुकवू नका.

कर्णवैद्य_फोंडा:
डॉक्टर, तो अभ्यास मीही पालकांना सांगतो. पण त्याच अभ्यासात औषधांच्या गटातल्या बऱ्याच मुलांना पुढे नळी लागली, आणि नळी असलेल्या मुलाला संसर्ग झाला तर पू बाहेर येतो, दुखणं बेताचं असतं आणि कानात थेंब घालून भागतं. पोटात अँटिबायोटिक कमी जातं. ज्या मुलाला दोन-तीन अँटिबायोटिकांची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी हा मोठा मुद्दा आहे.

माझा नियम असा. वारंवार संसर्ग होतो म्हणून मूल आलं आणि त्या दिवशी दोन्ही पडद्यांमागे पाणी नसेल, तर नळी नाही. याचा अर्थ युस्टेशियन नलिका दोन संसर्गांच्या मधे आपलं काम करतेय. पाणी असेल तर चर्चा करायची. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

बालरोग_पणजी:
इथे आपलं एकमत आहे. पाणी आहे की नाही हे टिम्पॅनोग्रामवर (पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीच्या आलेखावर) दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

श्रवण_मडगाव:
टिम्पॅनोग्रामचा कागद हातात आला की दोन गोष्टी बघा. रेघेला टेकडीसारखा उंचवटा आहे की ती सपाट आहे, आणि कानाच्या पोकळीचा आकडा किती. सपाट रेघ आणि आकडा १ मिलिलिटरच्या आत, म्हणजे पडद्यामागे पाणी. सपाट रेघ आणि आकडा मोठा, म्हणजे पडद्याला भोक आहे किंवा नळी बसवलेली असून उघडी आहे. आकडा अगदीच लहान असेल तर कानात मळ आहे किंवा यंत्राचं टोक कानाच्या भिंतीला टेकलंय. पुन्हा करा.

ऐकण्याची चाचणी वयानुसार बदलते. सहा महिने ते अडीच वर्षं, आवाज आला की उजळणाऱ्या खेळण्याकडे मूल वळतं का ते बघतात. अडीच-तीनच्या पुढे, आवाज ऐकू आला की डब्यात ठोकळा टाकायचा. पाच वर्षांच्या मुलाचा मोठ्यांसारखा ऑडिओग्राम होतो. झोपवून केलेली बेरा (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी) दर वेळी लागत नाही. मूल ऐनवेळी सहकार्य करत नसेल तर दुसऱ्या दिवशी परत बोलवायला सांगा, घाईत काढलेला ऑडिओग्राम काही कामाचा नाही.

आई_काणकोण:
ऑपरेशन थिएटरमध्ये नेमकं काय करतात? आणि आदल्या रात्रीपासून काय पाळायचं?

भूलतज्ज्ञ_म्हापसा:
उपास आधी सांगतो, कारण चूक इथेच होते. जेवण, बिस्किट, गाईचं किंवा डब्याचं दूध: सहा तास आधी बंद. आईचं दूध: चार तास. साधं पाणी: दोन तास. पेज 'पातळ' म्हणून पाण्यात धरू नका, ती जेवणात येते. एक घोट चहाही दुधाचाच. आजी मायेने बिस्किट देते आणि सकाळची केस रद्द होते. घरातल्या प्रत्येकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

सर्दीचं म्हणाल तर ही मुलं कायमच शेंबडी असतात. स्वच्छ पाण्यासारखं नाक वाहतंय, ताप नाही, छाती साफ आहे, मूल खेळतंय, तर बहुतेक वेळा करता येतं. ताप, ओला खोकला किंवा छातीत घरघर असेल तर दोन ते चार आठवडे पुढे ढकलतो. श्वासनलिका चिडलेली असते, भुलीत आवळते. खोकला लपवू नका. दमा, झोपेत घोरणं, श्वास अडकणं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला असणं, सैल दात, सगळं सांगा.

नुसती ग्रोमेट असेल तर मास्कने वायू देऊन झोपवतात. १०-१५ मिनिटांचं काम. जागं होताना मूल अर्धा तास रडतं, हातपाय झाडतं, ओळखत नाही. हे भुलीमुळे, दुखण्यामुळे नव्हे. दोन-तीन तासांत खातं-पितं आणि त्याच दिवशी घरी जातं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, तेही बहुधा पहिल्या दिवशीच लागतं. अडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) काढायच्या असतील तर मात्र श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल, वेळ जास्त आणि अनेक ठिकाणी रात्रभर मुक्काम.

कर्णवैद्य_फोंडा:
पुढचं मी लिहितो. सगळं मायक्रोस्कोपखाली, कानाच्या भोकातूनच होतं. बाहेर कुठे टाका नाही, पट्टी नाही.

आधी मळ काढतात. अगदी सगळा, कारण उरलेला कण नंतर नळीत अडकतो. मग पडद्याच्या पुढच्या-खालच्या चतुर्थांशात दोन-तीन मिलिमीटरचा छेद. जागा महत्त्वाची आहे. मागच्या-वरच्या भागात ऐरण आणि रिकीब ही हाडं असतात, तिथे सुरी लागली तर कायमचं नुकसान. पडद्याच्या कडेला अगदी टेकून छेद घेतला तर नळी लवकर निसटते. छेद देण्याआधी पडद्यामागे निळसर सावली दिसली तर थांबायचं, तिथे मोठी शीर वर आलेली असू शकते.

छेदातून सक्शनने पाणी ओढतात. पातळ असेल तर पटकन येतं. दाट, तार धरणारं असेल तर सक्शनच्या टोकाला लोंबतं आणि तुटत नाही. तेव्हा वरच्या बाजूला दुसरा बारीक छेद देतात. तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडल्यावर धार लागते, तसंच. पाण्याचा शेवटचा थेंब काढायच्या नादात फार ओढू नये, सक्शनच्या आवाजाने आतल्या कानाला इजा होऊ शकते. हवा मिळाली की उरलेलं आपोआप जातं.

मग नळी. साधी ग्रोमेट म्हणजे दोन कडांची चिमुकली रीळ, आतलं भोक साधारण एक ते सव्वा मिलिमीटर, फ्लोरोप्लास्टिक किंवा सिलिकॉनची. चिमट्याने धरून आतली कड छेदात सरकवायची, मग सुईने दाबून बसवायची. एक कड पडद्याच्या आत, एक बाहेर. छेद मोठा झाला तर नळी आठवड्याभरात बाहेर, लहान झाला तर ढकलताना पडदा फाटतो. रक्त आलं तर गुठळी होऊन भोक बुजतं, म्हणून शेवटी थेंब घालतात आणि घरीही तीन ते पाच दिवस चालू ठेवतात.

साधी ग्रोमेट ६ ते १८ महिने टिकते. पडद्याची कातडी बाहेरच्या बाजूला सरकत वाढते, ती नळीला ढकलून देते. टी आकाराची नळी दोन वर्षांहून जास्त राहते, पण ती निघाल्यावर भोक उरण्याचा धोका बराच जास्त. साध्या ग्रोमेटनंतर तो १०० पैकी एक-दोन मुलांत. म्हणून पहिल्याच वेळी टी-नळी सुचवली असेल तर कारण विचारा. टाळू दुभंगलेल्या मुलासाठी कारण असू शकतं, एरवी क्वचितच.

अडेनॉइड: चार वर्षांच्या पुढच्या मुलात ग्रोमेटबरोबर त्या काढल्या तर पुन्हा नळी घालायची वेळ कमी येते. चारच्या आत नाक बंद, घोरणं असं वेगळं कारण असेल तरच. टाळूत दोष असेल तर सहसा नाही, बोलणं नाकातून यायला लागतं.

औषधालय_डिचोली:
नळी असलेला कान वाहणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी तक्रार, चारातल्या एका मुलाला कधी ना कधी होतेच. पालक धावत दुकानात येतात आणि 'कानाचं औषध द्या' म्हणतात. सगळी कानाची औषधं एक नव्हेत.

नळीतून थेंब सरळ मध्यकर्णात उतरतात. म्हणून जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब नकोत, आतल्या कानाला घातक. मळ मऊ करणारे थेंब, ज्यांत टर्पेंटाइन, बेंझोकेन, पॅराडायक्लोरोबेंझिन असतं, तेही नकोत, आग होते. क्लोट्रिमाझोल, लिग्नोकेन वगैरे चार औषधांची मिश्र बाटली आपल्याकडे सर्रास दिली जाते. लिग्नोकेन आत गेलं तर मूल गरगरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड नको. लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल तेलही नको, नळी असेपर्यंत कान हा तेल घालायचा अवयव नाही.

चालतं ते सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन. कानातून रक्ताळ पू येत असेल किंवा नळीभोवती मांस वाढलं असेल तर स्टेरॉइड मिसळलेलं, डॉक्टर लिहून देतील ते. सिप्रोफ्लॉक्सासिन ०.३ टक्के 'डोळे आणि कान' असं छापलेलं मिळतं, ते कानात चालतं. उलटं नाही: फक्त कानासाठी असलेलं डोळ्यात कधीच नाही. आणि कानात घातलेली बाटली पुन्हा डोळ्यांसाठी वापरू नका.

घालायची रीत:
बाटली पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करा, गार थेंबाने चक्कर येते. मूल कुशीवर. कानाच्या तोंडाशी आलेला पू स्वच्छ कापसाच्या वातीने टिपून घ्या, वात आत खुपसू नका. पू न टिपता घातलेलं औषध वरच तरंगतं आणि 'गुण आला नाही' म्हणून लोक बाटल्या बदलत बसतात. चार-पाच थेंब घाला. मग कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा उंचवटा चार-पाच वेळा दाबून सोडा. या दाबाने थेंब नळीतून आत उतरतात. दोनएक मिनिटं तसंच निजवा. दिवसातून दोनदा, सात दिवस. दोन दिवसांत कान कोरडा दिसला तरी अर्ध्यावर सोडू नका. बाटली उघडल्याची तारीख लिहा, चार आठवड्यांनी फेकून द्या.

कर्णवैद्य_फोंडा:
उत्तम लिहिलंत. जोड एवढीच: ताप नाही, मूल खेळतंय, तर पोटात अँटिबायोटिक लागत नाही. सात दिवसांत थांबलं नाही तर थेंब वाढवत नेऊ नका, सक्शनने कान साफ करून पू तपासायला पाठवावा लागतो. पावसाळ्यात दहा दिवसांपलीकडे थेंब चालू राहिले की बुरशी धरते, कानात काळे-पांढरे कण आणि प्रचंड खाज. मग अँटिबायोटिक थेंब बंद करणं हाच अर्धा उपचार.

कानामागे सूज येऊन कान पुढे आलेला दिसला, तोंड एका बाजूला वळलं, मान ताठ झाली, मूल सुस्त पडलं, तर धाग्यावर विचारत बसू नका. सरळ बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात.

आई_काणकोण:
पाण्याचं काय? इथे समुद्र दारात, आणि जूनमध्ये सांजांव, विहिरीत उड्या मारायचा सण.

कर्णवैद्य_फोंडा:
पूर्वी सगळ्यांना बोळे घालायला सांगायचो, आता सरसकट सांगत नाही. नळीचं भोक इतकं बारीक की पृष्ठभागावर पोहताना पाणी सहसा आत शिरत नाही. न्हाणं, पावसात भिजणं, क्लोरिनचा स्वच्छ तलाव, समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात खेळणं: बोळ्यांशिवाय चालतं. साबणाचं पाणी मात्र सहज आत जातं, तेव्हा डोकं धुताना कान वाचवा. व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा बाहेरच्या बाहेर पुरे, नंतर लगेच काढा.

नको ते असं: उंचावरून उडी आणि खोल बुडी, कारण दाबाने पाणी आत ढकललं जातं. म्हणून २४ जूनला कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून मिरवा, विहिरीत उडी नाही. साचलेलं, गढूळ पाणी नको, त्यात देवळाची तळी आणि पावसातली न्हंय (नदी) ही आली. माशेलच्या चिखलकाल्यात उतरवायचं तर बोळे आणि वर कानपट्टी, आणि तरी मी नकोच म्हणेन, चिखलाचा कण नळीत बसला तर काढणं कठीण. कान वाहत असताना कुठलंच पोहणं नाही. प्रत्येक पोहण्यानंतर कान वाहणारं मूल असेल तर त्याला मापाचे बोळे करून घ्या. विमानप्रवासाला हरकत नाही, दाब नळीतून आपोआप सारखा होतो.

मदतकक्ष_बांबोळी:
कागदांचं थोडं. कान-नाक-घसा विभाग बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आहे, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही कान तपासून मिळतो. खाजगीत करायचं असेल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बरोबर ठेवा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक माणसांना चार लाख अशी मर्यादा आहे. ग्रोमेट आणि अडेनॉइड कुठल्या पॅकेजखाली बसतात आणि मंजुरी आधी लागते का, हे दाखल होण्याआधी त्या इस्पितळाच्या योजना काउंटरवर विचारा. मुलाचं नाव कार्डावर चढवलंय का तेही बघा, धाकट्याचं नाव बऱ्याचदा राहून गेलेलं असतं.

डिस्चार्ज कार्डावर नळीचा प्रकार, साहित्य, तारीख आणि कुठल्या कानात हे लिहून घ्या. पुढे कधी एमआरआयची वेळ आली तर धातूची आहे का हे तिथे विचारतात.

श्रवण_मडगाव:
नळी बसल्यावर ऐकणं परत मोजलंच पाहिजे. बसवल्यानंतर चार ते सहा आठवड्यांत एकदा ऑडिओग्राम. पाणी गेलं तरी ऐकणं कमीच आलं तर नसेचा दोष आधीपासून होता, तो पाण्याआड लपलेला होता, असं निघू शकतं. पुढे दर चार ते सहा महिन्यांनी कान दाखवायचा, नळी पडेपर्यंत. पहिल्या एक-दोन दिवसांत मूल मिक्सरला, कुकरच्या शिट्टीला घाबरतं, कानावर हात ठेवतं. नव्याने मोठं ऐकू येतंय, आठवड्यात सवय होते. बोलणं मात्र आपोआप सुधारेल असं धरू नका. सहा महिने मागे पडलेल्या मुलाला वाचा-उपचार लागू शकतात.

आई_काणकोण:
आणि नळी पडली हे कळतं कसं?

श्रवण_मडगाव:
बहुधा कळतच नाही. मळाबरोबर बाहेर येते, उशीवर एखादा निळा किंवा पांढरा कण दिसतो, नाहीतर कानाच्या वाटेत मळात अडकून पडते आणि तपासणीत सापडते. तिथे पडली असेल तर घाई नाही, काडीने काढायला जाऊ नका. टिम्पॅनोग्राममध्ये आकडा पुन्हा १ मिलिलिटरच्या आत आला आणि टेकडी दिसली तर पडदा मिटलाय, मध्यकर्णात हवा आहे. आकडा लहान पण रेघ सपाट, तर पाणी परत भरलंय. साधारण चार-पाच मुलांत एकाला दुसऱ्यांदा नळी लागते, पण आधी पुन्हा तेच: तीन महिने आणि ऑडिओग्राम. आकडा मोठाच राहिला तर भोक मिटलेलं नाही, कर्णवैद्यांना दाखवा.

कर्णवैद्य_फोंडा:
भोक उरलं तरी लगेच शिवत नाहीत, बरीचशी काही महिन्यांत मिटतात. पडद्यावर पांढरा खडूसारखा डाग दिसेल, त्याने ऐकण्यावर सहसा परिणाम होत नाही, काही करायचं नसतं. आणि नळी अडीच-तीन वर्षं झाली तरी जागची हलत नसेल तर थोडी भूल देऊन काढावी लागते. तेव्हा भोकाची कड खरवडून वर कागदाचा किंवा चरबीचा बारीक तुकडा ठेवतात, म्हणजे पडदा मिटायला मदत होते.